दोन खाती: निदान बदलल्यावर हेपॅटायटिस सीच्या उपचारात उमेद कशी टिकवावी

हेपॅटायटिस सीच्या गोळ्यांची पहिली बाटली आमच्या घरी देवघराशेजारच्या फडताळात आठ दिवस न उघडता पडून होती, कारण आईचे म्हणणे पडले की इतके दिवस गेलेच आहेत तर पाडव्याच्या मुहूर्तावर सुरुवात करावी. पाडव्याच्या आदल्या दिवशी नवा रिपोर्ट हाती आला आणि ती बाटली तशीच परत करावी लागली. महिन्याभरापूर्वी मला ‘विषाणू आहे, पण यकृत चांगले आहे’ असे सांगण्यात आले होते. आता त्याच यकृताला सिरॉसिस आहे, म्हणजे वण साचून ते टणक झाले आहे, असे कळले. पहिली बातमी मी बरी पचवली होती, पण दुसरीने मात्र पायाखालची वाळू सरकली.

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिले, काही दिवसांनी रक्तपेढीतून ‘एकदा येऊन भेटा’ असा फोन आला, तिथून हे सगळे सुरू झाले. १९९४ साली मोटारसायकलच्या अपघातानंतर मला दोन बाटल्या रक्त चढवले होते, आणि दान केलेल्या रक्ताची हेपॅटायटिस सीसाठी तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्यामुळे विषाणू कुठून आला असेल याचा अंदाज बांधायला फार वेळ लागला नाही. औषध कोणते आणि किती दिवस हा निर्णय डॉक्टरांचाच असतो. तो निर्णय घेऊन घरी आल्यावर, आणि विशेषतः तो मध्येच बदलल्यावर, पुढचे दिवस कसे काढावेत याविषयी मला जे उमगले तेवढेच येथे लिहितो आहे.

नेमके काय बदलले ते आधी वेगळे करावे

निदान बदलले की माणूस सगळेच नव्याने बिघडले असे धरून चालतो. माझेही तसेच झाले. दोन रात्री जागून काढल्यावर मी कारखान्यातल्या सवयीने वहीचे पान मध्ये रेघ मारून दुभागले आणि एका बाजूला ‘विषाणू’, दुसऱ्या बाजूला ‘यकृत’ असे लिहिले. ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांची जमा-नावे एकत्र करू नये, हे ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून मला पुन्हा झोप लागू लागली.

विषाणूचे खाते बंद होऊ शकते. रोज तोंडाने घेण्याच्या गोळ्यांनी बहुसंख्य रुग्णांमध्ये, शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांमध्ये, हा विषाणू शरीरातून कायमचा जातो, आणि सिरॉसिस असूनही यकृत आपले काम निभावून नेत असेल तर हे प्रमाण थोडेच कमी होते. यकृताचे खाते मात्र लांब चालते. त्यात वीस-पंचवीस वर्षांची मागची बाकी असते, ती एका हप्त्यात फिटत नाही. पण विषाणू गेल्यावर नवे नुकसान थांबते, सूज उतरते, आणि अनेकांच्या यकृतावरचे वणही पुढच्या काही वर्षांत काही अंशी विरतात. माझे निदान बदलले ते या दुसऱ्या खात्यात. पहिल्या खात्यात बदल झाला तो औषधाच्या नावाचा.

तो बदल कसा असतो तेही सांगतो, कारण औषध बदलले म्हणजे ‘आता कडक औषध द्यावे लागले’ असा अर्थ शेजारीपाजारी लगेच काढतात. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ठरवून दिल्याप्रमाणे, सिरॉसिस नसेल तर सोफोस्बुविर आणि डॅक्लाटासविर ८४ दिवस देतात. सिरॉसिस आहे पण यकृत काम निभावून नेते आहे अशा रुग्णाला सोफोस्बुविर आणि वेलपाटासविर ८४ दिवस देतात. आणि पोटात पाणी होणे, कावीळ, रक्ताची उलटी, भ्रमिष्टपणा अशी यकृत हरल्याची लक्षणे येऊन गेली असतील तर त्यात रायबाविरिनची भर घालतात किंवा तेच औषध १६८ दिवस चालवतात. म्हणजे मी पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलो होतो, आणि दिवस चौऱ्याऐंशीचे चौऱ्याऐंशीच राहिले होते. हे कागदावर पाहिल्यावर भीतीला निदान एक आकार आला.

जे तिसऱ्या ओळीत आहेत त्यांना मी खोटा दिलासा देणार नाही. तिथे विषाणूइतकेच यकृताच्या उरलेल्या ताकदीकडे पाहावे लागते, यकृतविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच औषध घ्यावे लागते, आणि कधी प्रत्यारोपणाचा विचार आधी आणि गोळ्या नंतर असाही क्रम लागतो. तिथेही दोन खाती ठेवावीतच. फक्त आशा कोणत्या पानावर लिहायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

निदान दुसऱ्या दिशेनेही बदलते. बोटातून रक्त घेऊन केलेली साधी चाचणी प्रतिपिंडे दाखवते, आणि प्रतिपिंडे म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण. तो आज आहे की नाही हे आरएनए चाचणीच सांगते, जिला आपण व्हायरल लोड म्हणतो. विषाणू शिरलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून तो औषधाविना, पहिल्या सहा महिन्यांत, निघून जातो. अशा माणसाला आधी ‘पॉझिटिव्ह’ आणि मग ‘काही नाही’ असे सांगितले जाते, आणि त्याला दुसऱ्या रिपोर्टवर विश्वास ठेवणे पहिल्यापेक्षा जड जाते. दोन्ही रिपोर्ट खरे असतात, ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात एवढेच.

रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत

माझे निदान चुकले का, कोणाचे चुकले, हे शोधण्यात मी एक आठवडा घालवला, आणि शेवटी जे सापडले त्याने मी गप्प झालो.

यकृतावर वण किती आहेत याचा प्राथमिक अंदाज रक्ताच्या साध्या तपासण्यांवरून काढण्याचे एक सूत्र आहे, त्याला फिब-फोर म्हणतात. वय गुणिले एएसटी, आणि त्याला भागिले ‘प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचे वर्गमूळ’ हा गुणाकार. एएसटी आणि एएलटी ही यकृताची स्थिती कळावी म्हणून रक्तात मोजतात ती विकरे. माझे वय ५२, एएसटी ८८, एएलटी ९६. पहिल्या वेळी प्लेटलेटचा आकडा धरला होता एक लाख ऐंशी हजार, म्हणून उत्तर आले २.५९. नंतर ताज्या तपासणीत प्लेटलेट निघाल्या एक लाख दहा हजार, आणि बाकी सगळे तेच असताना उत्तर आले ४.२५. हा आकडा ३.२५च्या वर गेला की यकृतात बरेच वण असावेत असे मानून पुढची तपासणी सांगतात. मधला एक आकडा बदलला आणि माणसाची रांग बदलली. पहिला एक लाख ऐंशी हजारांचा आकडा आला कुठून, तर कारखान्यातल्या दोन वर्षांपूर्वीच्या आरोग्य तपासणीच्या कागदावरून. आणि तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवला होता मीच, कारण त्यातले आकडे चांगले होते. दुसऱ्यांच्या वह्यांत मागच्या सालचे व्हाउचर सापडले की मी आवाज चढवतो, हे लक्षात घेतले तर माझी त्या दिवशीची अवस्था ध्यानात यावी.

सांगायचा मुद्दा असा की बदललेल्या निदानामागे बहुधा असेच साधे कारण असते: जुना रिपोर्ट, अपुरी तपासणी, किंवा आधी न केलेली तपासणी. ते कारण शोधावे, पण एकदाच शोधावे. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकावर पेन्सिलीने काय मोजले ते एका ओळीत लिहावे. असे केल्याने दोन फायदे होतात. पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि आपल्यालाही दिसते की यकृत काल रात्री बिघडलेले नसून जे होते ते आज नीट मोजले गेले आहे. वण तेच असतात. त्यांची माहिती नवी असते, आणि माहिती औषध सुरू होण्यापूर्वी मिळाली तर ती उपयोगाचीच.

फायब्रोस्कॅनबद्दल एक व्यावहारिक सूचना. ही तपासणी यकृताचा टणकपणा किलोपास्कलमध्ये मोजते, आणि साधारण साडेबारा किलोपास्कलच्या वर आकडा गेला तर सिरॉसिसचा संशय धरतात. पण पोटभर खाल्लेले असेल किंवा यकृताला त्या वेळी जास्त सूज असेल तर आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला येऊ शकतो, म्हणून निदान तीन तास काही न खाता जावे. मी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो तेव्हा पत्नीने धपाट्यांचा डबा दिला होता. तो मांडीवर धरून बसलो आणि तपासणी होईपर्यंत उघडला नाही. आकडा १६.४ आला. खाऊन गेलो असतो तर पुढचे सहा महिने ‘कदाचित धपाट्यांमुळे असेल’ या आशेवर काढले असते, आणि तसली आशा माणसाला आतून पोखरते.

डॉक्टरांसमोर

ओपीडीत आपल्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात आणि त्यात अर्धा वेळ आपण धक्क्यातून सावरण्यात घालवतो. म्हणून प्रश्न घरून लिहून न्यावेत आणि घरातले एक शांत डोक्याचे माणूस बरोबर न्यावे. मी चारच प्रश्न नेले होते. बदललेल्या निदानामुळे गोळ्या बदलतात का, दिवस बदलतात का, उपचार चालू असताना जास्तीच्या तपासण्या लागतात का, आणि विषाणू गेल्यावरही काय चालू ठेवावे लागेल. या चार उत्तरांत निदानाचा सगळा व्यवहार येतो. ‘मी किती वर्षे जगेन’ हा पाचवा प्रश्न माझ्या ओठांवर होता. मुलाने माझ्या हातातला कागद घेऊन तो खोडला आणि ‘हा वर्षभरानं विचारू’ म्हणाला. त्याचे बरोबर होते, कारण विषाणू जाण्यापूर्वी त्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते.

तीन गोष्टी मात्र आपण होऊन सांगाव्यात. पहिली, हेपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का. बीचा विषाणू दबून बसलेला असेल तर सीचा उपचार चालू असताना तो डोके वर काढू शकतो. दुसरी, मधुमेहाची औषधे. सीचा विषाणू कमी होऊ लागला की काहींची साखर उतरते आणि जुन्याच मात्रेत घेतलेल्या गोळ्या जड होतात. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते पण आपल्याकडे तीच सर्वांत जास्त अडवते, ती म्हणजे ॲसिडिटीची गोळी. वेलपाटासविर शरीरात नीट भिनायला पोटातले आम्ल लागते, आणि आम्ल कमी करणारी गोळी तर आपल्याकडे दुकानदाराकडून सहज मागून घेतात. फिट्सची काही औषधे, क्षयाचे रिफाम्पिसिन, हृदयाचे ठोके नियमित करणारे अमियोडारोन ही औषधे चालू असतील तर गोळ्या सुरू होण्यापूर्वीच तोंडाने सांगावे, फाइलमध्ये लिहिले आहे या भरवशावर राहू नये.

खर्चाच्या काळजीने उमेद लवकर खचते, म्हणून तेही बोलून टाकतो. राष्ट्रीय कार्यक्रमात तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. खासगीत गोळ्या विकत घेण्यापूर्वी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जाऊन चौकशी करावी आणि आधार कार्डासह सगळे रिपोर्ट बरोबर ठेवावेत. रांग असते. रांगेत बसायला काही वाटून घेऊ नये.

चौऱ्याऐंशी दिवस

नवी बाटली आली आणि एप्रिलच्या मध्यावर मी पहिली गोळी घेतली. मुहूर्त पाहिला नाही. दाते पंचांग आमच्या गावातच तयार होत असले तरी आई या वेळी काही बोलली नाही.

गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. मी सकाळी कडक भाकरी आणि दूध झाल्यावर घेत असे, आणि लगेच रोजमेळात नोंद करत असे: तारीख, दिवसाचा क्रमांक, आणि एका ओळीत काल कसे गेले. ही ओळ खरी लिहावी. ‘डोके दुखले’, ‘दुपारी कारखान्यात पेंगलो’, ‘कोणावर तरी ओरडलो’, असे जे असेल ते. तिसऱ्या आठवड्यात मला वाटू लागले की दिवसेंदिवस थकवा वाढतो आहे. मागची पाने चाळली तर थकव्याची नोंद एक दिवसाआड होती आणि ती बहुतेक कारखान्यात रात्रपाळीचा हिशेब जुळवण्याच्या दिवसांची होती. मनाचा अंदाज आणि वहीतली नोंद यांत तफावत आली तर मी वहीवर विश्वास ठेवतो, आणि आजारपणात हा नियम फार उपयोगी पडतो. डोकेदुखी, थकवा, मळमळ हे या गोळ्यांचे नेहमीचे त्रास आहेत आणि बहुतेकांना ते सौम्यच होतात. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. फोन करून विचारावे. ज्यांना रायबाविरिनही आहे त्यांनी हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावे, आणि उपचार चालू असताना व त्यानंतर सहा महिने, नवरा-बायको दोघांपैकी कोणीही ते घेत असले तरी, गर्भधारणा टाळावी.

माझ्या बाटलीवर ३० अंशांच्या खाली ठेवण्याची सूचना छापलेली होती, आणि मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या खोलीतले फडताळ तंदुरासारखे तापते. मी बाटली झाकण घट्ट लावून आतल्या, उन्हाची झळ न पोहोचणाऱ्या खोलीत हलवली. गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत काढून ठेवू नयेत, आणि माठाशेजारच्या ओलीत तर मुळीच ठेवू नयेत.

खाण्याच्या बाबतीत चार लोक सहा सल्ले देतात. यकृताचे नाव निघाले की आपल्याकडे कावीळ आठवते, आणि कावीळ आठवली की तेल-हळद बंद, उसाचा रस सुरू. कारखान्यातल्या एकाने तर ‘एकदा उतरवून घ्या की ओ, चुन्याच्या पाण्यानं हात धुतात, पाणी पिवळं होतं’ असा पत्ताच लिहून दिला. पाणी पिवळे होते ते हाताला आधी चोळलेल्या पाल्याच्या किंवा सालीच्या रसाचा चुन्याशी संबंध येऊन; आपल्या यकृताचा त्यात काही हात नसतो. झाडपाल्याची औषधे या काळात दूर ठेवावीत. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, आणि कशात काय आहे हे माहीत नसलेली पुडी तर त्याहून धोक्याची.

सिरॉसिसमध्ये उपास घातक असतो. यकृतात साठा कमी असल्यामुळे रात्रभराच्या उपाशीपणातही शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते, म्हणून डाळ, अंडे, दूध, दही यांतून भरपूर प्रथिने घ्यावीत आणि झोपण्यापूर्वी थोडे काही खावे. मी रात्री दूध आणि एक शेंगापोळी खात असे. गुरुवार आणि एकादशी दोन्ही सोडले. मीठ कमी करावे लागते ते मुख्यतः पोटात किंवा पायांत पाणी धरत असेल तर, उगाच अळणी खाऊन तोंडाची चव घालवू नये. शेंगाचटणीवाचून सोलापूरकराला जेवण जात नाही आणि ती सोडण्याचे कारणही नाही, पण शेंगदाणे निवडून घ्यावेत. बुरशी आलेल्या, काळपट, कडवट दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते आणि यकृताच्या कर्करोगाशी त्याचा थेट संबंध आहे. आमच्याकडे दाणे निवडायचे काम मी स्वतःकडे घेतले. संध्याकाळी परात पुढ्यात घेऊन वाईट दाणा बाजूला काढत बसलो की डोके जितके रिकामे होते तितके दुसऱ्या कशानेच होत नाही. दारू अजिबात नको, ‘थोडीशी’ सुद्धा नको. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या टाळाव्यात, आणि पॅरासिटामॉल किती चालेल हे डॉक्टरांना विचारावे. सिरॉसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे जात नाहीत.

घरातली माणसे

हेपॅटायटिस सी रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एकाच माठातले पाणी प्यायल्याने तो पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड, नखे कापण्याचे यंत्र आणि दात घासण्याचा ब्रश. माझा वेगळा ठेवला गेला तो पेला. आईने तो न बोलता वरच्या फळीवर ठेवला होता आणि मी महिनाभर न बोलता त्यातूनच पाणी पीत होतो. पुढच्या भेटीला मी तिलाच बरोबर नेले आणि डॉक्टरांना तिच्याशी थेट बोलायला सांगितले. आपल्या तोंडून सांगितलेले घरातल्या वडीलधाऱ्यांना सारवासारव वाटते, तेच डॉक्टरांनी सांगितले की पटते. घरी येऊन तिने पेला मांडणीवर इतर पेल्यांत मिसळला. आता तो ओळखूही येत नाही.

जोडीदाराची आणि, आईला संसर्ग असेल तर, मुलांची तपासणी एकदा करून घ्यावी. बाहेर कोणाला सांगायचे ते आपण ठरवावे. मी कारखान्यात मालक आणि एक सहकारी एवढ्यांनाच सांगितले. न्हाव्याकडे मात्र बोललो नाही, पण नवे ब्लेड डोळ्यांदेखत उघडायला लावतो, आणि हे आजार नसलेल्यानेही करावे असे माझे मत आहे.

रात्रीचे तीन

सर्वांत वाईट वेळ पहाटे तीनची. त्या वेळी माणूस फोन हातात घेतो आणि सिरॉसिस या शब्दाखाली जगभरात लिहिले गेलेले सगळे वाचतो. वाचताना एक गोष्ट तपासावी: हे केव्हाचे आहे? या आजाराच्या ज्या भयकथा फिरतात त्यांतल्या बऱ्याच इंटरफेरॉनच्या काळातल्या आहेत, जेव्हा सहा महिने ते वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शन घ्यावे लागे, ताप येई, औषधानेच नैराश्य येई, आणि एवढे करूनही अनेकांचा विषाणू जात नसे. विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटली. तोवर या आजाराला ‘ए नाही, बी नाही’ असे नकाराचे नाव होते. ती ओळख पटवण्याच्या कामासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०२० मध्ये नोबेल मिळाले. सोफोस्बुविर अमेरिकेत २०१३च्या अखेरीस मंजूर झाले आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत भारतीय कंपन्या ते कितीतरी स्वस्तात बनवू लागल्या. माझा हा आजार २००५ मध्ये सापडला असता तर मी दुसऱ्याच गोष्टीतले पात्र असतो. उशिरा सापडल्याचे दुःख मला आहेच, पण ते दुःख मोजताना ही जमेची बाजूही लिहावी लागते.

काळजी करू नका असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणणाऱ्यांचा मला राग येत असे. मी काळजीला वेळ ठरवून दिली. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारताना जे भय वाटेल ते वाटू द्यायचे, शंका असेल ती घरी येऊन वहीत लिहायची, आणि रात्री तीच शंका उठवायला आली तर ‘तुझी नोंद झाली आहे’ म्हणून पाठ फिरवायची. दर वेळी जमत नसे. सलग दोन आठवडे झोप उडाली, कशातच रस वाटेना, जगणे नको वाटू लागले तर मात्र वही पुरत नाही. डॉक्टरांना सांगावे, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येते. मी एकदा लावला होता. पलीकडच्या बाईंनी सल्ला फारसा दिला नाही, ऐकून घेतले, आणि मला तेवढेच हवे होते.

उमेद आणि दुर्लक्ष यांत गल्लत होऊ देऊ नये. काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, पोट फुगत जाणे, डोळे पिवळे होणे, किंवा माणूस दिवसा झोपून रात्री असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काहीही झाले तर वहीत नोंद न करता थेट रुग्णालय गाठावे. घरच्यांनाही ही यादी तोंडपाठ असावी, कारण यातले शेवटचे लक्षण ज्याला होते त्याला ते कळत नाही.

गोळ्या संपल्यावर

आषाढीच्या आधी माझ्या गोळ्या संपल्या. मला वाटले होते की त्या दिवशी मोकळे वाटेल. वाटले ते उघडे. रोज सकाळी आपण आजाराविरुद्ध काहीतरी करतो आहोत ही भावना गोळीबरोबर संपते, आणि विषाणू गेला की नाही हे सांगणारी आरएनए चाचणी शेवटच्या गोळीनंतर पूर्ण बारा आठवड्यांनी करायची असते. एकूण उपचारातला हा काळ मला सर्वांत जड गेला आणि याची कल्पना आधी कोणी दिली नव्हती, म्हणून मी देतो. या बारा आठवड्यांसाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवावे. मी रोजमेळ बंद केला नाही. दिवस क्रमांक ८५ पासून पुढे लिहीत गेलो, फक्त गोळीच्या जागी किती चाललो ते लिहू लागलो. घाईने मधेच खासगीत चाचणी करून घेण्याचा मोह होतो. तिचे उत्तर चांगले आले तरी ते कच्चे असते, आणि पक्के उत्तर मिळेपर्यंतची धाकधूक काही कमी होत नाही.

नवरात्र बसायच्या दोन दिवस आधी रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही. विषाणूच्या खात्याखाली मी दुहेरी रेघ मारली. याचा अर्थ बरे होणे असाच आहे, परंतु दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. प्रतिपिंडांची साधी चाचणी पुढे आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते, म्हणून एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी ती कोणी केली आणि चेहरा गंभीर केला तर आरएनएचा रिपोर्ट पुढे करावा. त्याची एक प्रत मी पाकिटातच ठेवतो. आणि या आजारावर लस नाही, एकदा बरे झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते, तेव्हा सुई, ब्लेड, गोंदण यांबाबतची काळजी सुटत नाही.

यकृताचे खाते उघडेच आहे. विषाणू गेल्याने कर्करोगाचा धोका बराच उतरतो, पण ज्याला सिरॉसिस आहे त्याचा तो पूर्ण जात नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सांगितल्यास एएफपी ही रक्ततपासणी करत राहावी लागते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी दुर्बिणीची तपासणी केव्हा करायची तेही डॉक्टर सांगतात. बरे झालेले लोक नेमके इथेच ढिले पडतात, कारण काही दुखत नसते. तारखा लक्षात राहाव्यात म्हणून मी त्या गावाच्या पंचांगाला बांधल्या आहेत: एक सोनोग्राफी संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या काठ्या निघतात आणि गड्ड्याची जत्रा भरते त्या आठवड्यात, आणि दुसरी जुलैमध्ये, पालख्या पंढरपुरी पोहोचतात तेव्हा. संक्रांतीच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी जावे लागते, त्यामुळे त्या दिवशी तिळगूळ परतीच्या वाटेवर खातो.